घोडं, मासा आणि पेंड

पहिल्या दिवशी मी लॅबमध्ये शिरलो तेव्हा सर माशांचं खाद्य खात होते.

चवीने खात होते. अंगात पांढरा कोट, डोक्याला कानटोपी, डाव्या हातात प्लास्टिकची बादली. उजव्या हाताने बादलीतल्या तपकिरी गोळ्या उचलायच्या, शेंगदाणे टाकावेत तशा तोंडात टाकायच्या, डोळे मिटून चावायच्या, जिभेवर घोळवायच्या आणि मग सिंकमध्ये थुंकून खळाखळा चूळ भरायची. मी दारातच थिजलो. बाहेर उणे तीस होतं म्हणून नव्हे.

"रत्नागिरीचा ना तू? ये," ते म्हणाले. "ही तीन नंबरची बादली. चाख आणि सांग, कडू लागते का."

मी मासे खाणाऱ्या घरातला. पण मासे जे खातात ते खायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी विचारलं, "सर, यात फिशमील आहे का?"

"आहे की. सुकवून दळलेले मासे."

मी त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिलो. कॉलरच्या आत तुळशीची माळ दिसत होती. माझी नजर त्यांना कळली. म्हणाले, "माळ गळ्यात आहे. घशाखाली काही जात नाही. जीभ लॅबची, पोट माझं."

कॅनडात, विनिपेगमधल्या त्या लॅबमध्ये मी पुढे चार वर्षं काढली, आणि त्या चार वर्षांत या माणसाने मला किती वेळा हादरवलं याचा हिशेब नाही. सर मूळचे खानदेशातले. पोरवयात बोटीने शिकायला बाहेर पडले आणि एकोणीसशे सत्तरच्या आसपास इथे येऊन पोचले. मला भेटले तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. त्यांचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नात गेलं होतं: तळ्यात पाळलेल्या ट्राउट माशाला माशाऐवजी पेंड खाऊ घालता येईल का?

हे ऐकायला साधं वाटतं. ट्राउट हा मांसाहारी मासा. त्याला पाळायचं तर समुद्रातले लहान मासे पकडायचे, सुकवायचे, दळायचे आणि ती पूड गोळ्या करून त्याला घालायची. सर म्हणत, "मासा वाढवायला मासे मारायचे, यात वाढ कसली? हा तर नुसता खांदेपालट." त्यापेक्षा आमच्या विनिपेगच्या भोवती मैलोन्‌मैल पिवळी कॅनोला, मोहरीची बहीण, फुलते. तिचं तेल काढलं की मागे पेंड उरते. सोयाबीनची उरते, वाटाण्यातलंही प्रथिन काढता येतं. ते का नाही घालायचं? पण ट्राउटला पेंडीची चव आवडत नाही, सोयाबीन जास्त झालं तर त्याच्या आतड्याला सूज येते, आणि तो तोंडात घेतलेली गोळी फूत्‌ करून बाहेर टाकतो. म्हणून सर चाखत. काय कडू लागतं, काय तुरट लागतं, मासा काय थुंकेल हे आधी स्वतः थुंकून बघत.

"आपल्यात पाहुण्याला वाढायच्या आधी आमटी चाखतात की नाही?" ते म्हणायचे. "मग माशाने काय घोडं मारलंय?"

घोड्यावरून आठवलं. सरांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, 'इथेच तर घोडं पेंड खातं.' अडचण नेमकी कुठे आहे हे सांगताना आपण जसं म्हणतो तसंच. पण ते हे वाक्य कॅनेडियन लोकांनाही सांगत, आणि तेही शब्दशः इंग्रजी करून: "दॅट इज व्हेअर द हॉर्स ईट्स द केक." पेंडीला त्यांनी केक केलं होतं, आणि त्यांच्या धंद्यात ते चूकही नव्हतं, तिथे पेंडीला ऑइल केकच म्हणतात. डिपार्टमेंटमधल्या कुणालाही या वाक्याचा अर्थ कळला नव्हता, पण सगळे ते वापरत. एकदा फायर अलार्म का वाजतो हे शोधायला आलेला मेकॅनिक छतातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "फाउंड इट! हॉर्स इज ईटिंग द केक हिअर!" मी शिडी धरून उभा होतो, ती सुटायचीच राहिली.

त्यांच्या वडिलांची तेलघाणी होती. शेंगदाण्याची पेंड घरात असायची, ती बैलांना जायची. एका कोरड्या वर्षी मात्र पेंड भिजवून, तिखटमीठ लावून घरातल्या सगळ्यांनी खाल्ली होती. हे मला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने सांगितलं. सर स्वतः एवढंच म्हणत, "आम्ही खाल्ली. ट्राउटला काय धाड भरलीय?"

काकूंचा या सगळ्याला एकच आक्षेप होता. घरात पाऊल टाकलं की त्या दारातच अडवत. "अहो, तोंडाला पुन्हा वास येतोय. आधी वॉशरूम, मग देवघर." सर निमूट जात. जगात ते दोघांनाच घाबरत, काकूंना आणि काळ्या बर्फाला, म्हणजे रस्त्यावर न दिसणाऱ्या निसरड्या थराला. काळ्या बर्फाच्या भीतीने गाडीला बारा महिने विंटर टायर्स. जुलैत टायर घासले जातात असं मी सुचवून पाहिलं. म्हणाले, "विनिपेगमध्ये उन्हाळा ही अफवा आहे. अफवेवर विश्वास ठेवून टायर बदलणारा मी नव्हे."

सकाळी टाकीच्या खोलीत शिरताना ते माशांना मोठ्याने विचारत, "काय मंडळी, काय म्हणता?" आणि खरंच थांबत, उत्तरासाठी.

तर आता त्या शेवटच्या प्रयोगाकडे येतो, कारण आजही माझी झोप उडवणारी गोष्ट तीच आहे.

डिपार्टमेंटने आमची लॅब बंद करून तिथे सामान ठेवायचं ठरवत आणलं होतं. तेवढ्यात पूर्वेकडची एक खाद्य बनवणारी कंपनी पुढे आली. म्हणाली, तुमचं पेंडीचं खाद्य फिशमीलच्या बरोबरीने मासा वाढवतं असं एकदा नीट दाखवा, आम्ही तुमच्यासोबत पाच वर्षं काम करू. म्हणजे लॅब राहणार, ग्लेन राहणार, मी राहणार. ग्लेन हा आमचा टेक्निशियन, शेतकऱ्याच्या घरातला, दाराएवढा माणूस. माझं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपत होतं, पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची फाईल अडकलेली होती आणि घरी माझ्या बायकोला, वृषालीला चौथा महिना लागणार होता. सरांचं काय राहणार होतं ते सांगायलाच नको. एक आयुष्य.

नऊ टाक्या, तीन प्रकारचं खाद्य, प्रत्येकाच्या तीन टाक्या. कुठल्या टाकीत काय जातंय हे खाऊ घालणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर हात नकळत झुकतो. सर या पद्धतीला आंधळी कोशिंबीर म्हणत. सगळ्या गोळ्या एकाच रंगाच्या केल्या होत्या. कुठल्या आकड्यात काय आहे तो कागद सरांनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि काकूंना सांगितलं, "मी मागितला तरी देऊ नकोस." प्रयोग सुरू झाला त्या दिवसापासून त्यांनी चाखणंही सोडलं, कारण त्यांच्या जिभेला एका गोळीत सगळं कळलं असतं. नाकालाही कळेल म्हणून टाकीच्या खोलीत जाताना दोन्ही नाकपुड्यांत बाम भरत. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तशात "काय मंडळी, काय म्हणता?"

त्यांचा अजून एक हट्ट होता. टाक्यांवर कारखान्यातून आलेले इंग्रजी आकडे होते, पण बादल्यांवर मात्र मराठी आकडे लिहायचे. का? तर एकदा एका विद्यार्थ्याने 'नंबर वन' लिहिलेल्या बादलीतलं खाद्य जरा जास्तच प्रेमाने घातलं होतं. "त्यांच्या डोक्यात नंबर वन म्हणजे शर्यत," सर म्हणाले. "आपल्या आकड्यांवर त्यांचा जीव जडायचा नाही." ते आकडे मी लिहिले, आणि ग्लेनसाठी भिंतीवर तक्ता लावला: मराठी आकडा, त्यासमोर इंग्रजी आकडा, नऊ ओळी.

बारा आठवड्यांच्या प्रयोगात दुसऱ्याच आठवड्यात बाबांच्या बायपासचा फोन आला. मी त्याच दिवशी निघालो. निघताना तक्त्याकडे नजर गेली होती, हे मी नाकारत नाही. वरच्या पाइपाचं पाणी ठिबकून पहिली ओळ विरघळली होती आणि खालून होजपाइपच्या शिंतोड्यांनी शेवटची. मी ग्लेनला म्हटलं, "आय विल मेक अ न्यू वन व्हेन आय कम बॅक." तो म्हणाला, "नो वरीज बडी, आय विल फिगर इट आउट. गो सी युअर डॅड."

सहा आठवड्यांनी परत आलो. बाबा बरे होते, आणि पहिल्या टाकीतले मासे चांगलेच बाळसं धरून होते. मी नवा तक्ता लिहिला, जुना काढून कचऱ्यात टाकला. ग्लेन मग गव्हाच्या लॅबकडे गेला आणि उरलेले आठवडे मीच खाद्य घातलं.

शेवटचं वजन झालं. काकूंनी बरणी आणली. कागदाला लिंबाच्या लोणच्याचा वास येत होता. सरांनी आकडे जुळवले, पुन्हा जुळवले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. पेंडीवरचे मासे फिशमीलवाल्यांच्या बरोबरीने वाढले होते. सरांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि टाकीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "शाब्बास मंडळी!"

रविवारी दुपारी सरांनी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. ग्लेन चार खाऊन पाचवी हातात घेऊन किचनमध्ये उभा होता. भिंतीवर भारतातून आणलेलं मराठी कॅलेंडर होतं. ते तो बराच वेळ न्याहाळत होता. मग मला म्हणाला, "हे, हाउ कम युअर मंथ स्टार्ट्स विथ अ नाइन?"

मी हसलो. तुमचा महिना नऊपासून का सुरू होतो! आधी मी खरंच हसलो. मग त्याचं जाड बोट कुठे टेकलंय ते पाहिलं. एक तारखेवर. १ वर.

हातातल्या वाटीतलं तूप माझ्या पायावर सांडलं आणि मला ते कळलंही नाही. तक्त्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या, त्या दोनच ओळी पुसल्या होत्या. दोन बादल्या उरल्या होत्या आणि दोन टाक्या. १ हा हुबेहूब त्यांचा नऊ दिसतो. मग ९, तो जो काय आकडा असेल तो, झाला एक. सहा आठवडे ग्लेनने पहिल्या टाकीला नवव्याचं आणि नवव्या टाकीला पहिल्याचं खाद्य घातलं होतं. बरणीतल्या कागदाप्रमाणे पहिली टाकी होती पेंडीची, आणि नववी फिशमीलची. बाळसं धरलेले ते मासे पेंडीवर नव्हे, माशांवर वाढले होते. आणि बरोबरी दिसली होती ती त्यामुळेच.

ग्लेनला त्यातलं काही कळलं नव्हतं. तो पोळीवर तूप मागत होता. काकू पोळ्या लाटत होत्या. सर गॅसपाशी पाठमोरे उभे राहून कटाची आमटी ढवळत होते, आणि एक्झॉस्ट फॅनचा धडधडाट चालू होता. कुणी ऐकलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या सोमवारी कंपनीची माणसं येणार होती. मध्ये आठ दिवस.

त्या आठ दिवसांत मी काय केलं ते सांगतो. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी लवकर जाऊन सगळ्या बादल्यांवरच्या पट्ट्या गरम पाण्याने सोलून काढल्या. बादल्या धुवायच्याच होत्या, असं मनाशी म्हणत. रात्री वृषाली बाळासाठी नावं सुचवत होती आणि मी 'हं, हं' करत होतो. बुधवारी सर स्टोअररूमच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "अरे वा, बादल्या धुतल्यास!" मी म्हटलं, "हो सर, म्हटलं पाहुणे येणार." ते थोडा वेळ तिथेच थांबले. म्हणाले, "चहा घेणार?" मी म्हटलं, "नको, काम आहे." शुक्रवारी पुन्हा तेच. चहा घेणार? नको सर. चार वर्षांत त्यांनी मला आठवड्यातून दोनदा चहा विचारल्याचं मला आठवत नाही. तेव्हा ते लक्षात आलं नाही, आता येतं.

सोमवारी कंपनीचे चौघे आले. सरांनी कोट घातला होता, कानटोपी काढली होती. पडद्यावर आलेख लावला. दोन रेषा एकमेकींना चिकटून वर गेलेल्या. चौघांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या प्रमुख बाई म्हणाल्या, "डॉक्टर, धिस इज ब्युटिफुल."

सर म्हणाले, "येस. अँड धिस इज व्हेअर द हॉर्स ईट्स द केक."

सगळे हसले. आमच्याकडची माणसं जास्तच हसली. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला पेपर नॅपकिन काढला, नीट उलगडला आणि टेबलावर ठेवला. हळदीचा डाग पडलेल्या त्या नॅपकिनवर बॉलपेनने काढलेले दोन आकडे होते, १ आणि ९. एकासमोर इंग्रजीत नऊ लिहिलेलं, दुसऱ्यासमोर एक. अक्षर ग्लेनचं. त्या रविवारीच सरांनी ते त्याच्याकडून लिहून घेतलं होतं.

सर शांतपणे इंग्रजीत सांगत होते, की हे दोन आकडे त्यांच्या भाषेतले आहेत, ते बादल्यांवर लिहायचा हट्ट त्यांचा होता, त्यामुळे सहा आठवडे दोन टाक्यांची अदलाबदल झाली आणि म्हणून हा निकाल खोटा आहे. "माझी चूक," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचीही नाही. हा आलेख मी मागे घेतो." आणि प्रोजेक्टर बंद केला. त्या बाई बराच वेळ नॅपकिनकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी उठून सरांशी हात मिळवला, दोन्ही हातांनी. पण काम मिळालं नाही. कंपनीला त्याच वर्षी निर्णय हवा होता आणि पुन्हा बारा आठवडे द्यायला डिपार्टमेंट तयार नव्हतं.

पार्किंगमध्ये सर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. मी जाऊन उभा राहिलो. शेवटी म्हटलं, "सर, तुम्ही ऐकलं होतं?"

"मी आमटी ढवळत होतो. बहिरा नव्हतो."

"मग मला बोलला का नाहीत?"

ते खरवडत राहिले. एक काच पूर्ण झाली, मग दुसरीकडे गेले. तिकडून म्हणाले, "हे बघ. आकडे माझा हट्ट. ग्लेनचा यात काही दोष नाही. तक्ता विरघळला, तुझे वडील आजारी होते, तो दोष मी तुझाही धरत नाही. ते सगळं मी आत सांगून आलो, माझ्या नावावर घेऊन. तू यायची मी आठ दिवस वाट पाहिली. ते आठ दिवस मला माझ्या नावावर घेता येत नाहीत. ते तुझे. त्यांचं काय करायचं ते तू बघ."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते. त्यांनी मागच्या सीटवरचं दुसरं खरवडणं काढून मला दिलं आणि म्हणाले, "तुझ्या गाडीवरही चढलाय. घसरशील."

लॅब उन्हाळ्यात बंद झाली. शेवटच्या दिवशी सरांनी उरलेल्या पोत्यांतल्या गोळ्या एकेक चाखल्या, कितीतरी महिन्यांनी. पेंडीच्या पोत्यापाशी थांबून मला म्हणाले, "कडवट आहे अजून. एवढंच राहिलं होतं बघ." ग्लेनने केक आणला होता, त्यावर आयसिंगचा घोडा. सर इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या दिवशी नाकात बाम नव्हता.

आता ते नाहीत. मी टोरांटोजवळ वॉनमध्ये एका खाद्याच्या गोदामात क्वालिटी तपासतो. ट्राउटच्या खाद्याची पोती येतात, त्यांच्यावर सोयाबीन, कॅनोला, वाटाणा असं आधी लिहिलेलं असतं आणि फिशमील खूप खाली. मासे ते खातात, थुंकत नाहीत. सरांचं बरोबर होतं. आणि तरी तो आलेख खोटाच होता, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि ते पचवायला मला अजून जड जातं.

पोतं उघडलं की मी एक गोळी चाखतो. गोदामातली पोरं हसतात, मग घाबरतात. आमच्या किचनमध्येही मराठी कॅलेंडर आहे. मुलगी इंग्रजीतच बोलते, आणि मागच्या महिन्यात एक तारखेवर बोट ठेवून तिने विचारलं, "बाबा, व्हाय डज इट स्टार्ट विथ अ नाइन?" वृषाली हसली. मला हसू आलं नाही. मी त्या दोघींना बसवलं आणि त्या आठ दिवसांची गोष्ट पहिल्यांदा कुणालातरी सांगितली, बादल्या धुतल्या तिथपासून.